समुद्राचा अभ्यासक कुणाच्या पगारावर?

1923 साली लंडनमध्ये पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश आरमाराच्या अधिकृत इतिहासाचा तिसरा खंड प्रसिद्ध झाला. इतिहास सरकारने लिहवून घेतलेला, कागदपत्रं आरमार खात्याने पुरवलेली, लेखक खात्याच्या विश्वासातला. तरीही खंडाच्या आरंभी खात्यानेच एक निवेदन छापलं. या ग्रंथातली काही तत्त्वं, विशेषतः शत्रूला गाठून लढाई शेवटास नेण्याचं महत्त्व कमी लेखण्याची प्रवृत्ती, आमच्या मतांच्या थेट विरुद्ध आहे, असा त्याचा आशय होता. उत्तर द्यायला लेखक हयात नव्हता. खंडाचं काम हातावेगळं करून ज्युलियन कॉर्बेट 1922 च्या सप्टेंबरमध्ये वारला होता.

कॉर्बेटने आयुष्यात कधी गणवेश घातला नाही. केंब्रिजला कायदा शिकून त्याने काही वर्षं वकिली केली, ती सोडून कादंबऱ्या लिहिल्या आणि मग तो सोळाव्या शतकातल्या इंग्लिश आरमाराच्या कागदांत शिरला तो कायमचा. घरची सुस्थिती होती म्हणून हे जमलं. 1902 पासून तो आरमाराच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या वर्गाला शिकवू लागला. समोर बसलेले लोक जहाजं चालवणारे, तोफा डागणारे. आणि हा त्यांना अठराव्या शतकातल्या लढायांचे हुकूम वाचून दाखवत होता. त्यातून 1911 साली सागरी युद्धनीतीवरचा त्याचा छोटा ग्रंथ आला. माणसं जमिनीवर राहतात, म्हणून युद्धाचा निकाल अखेर जमिनीवर लागतो. समुद्र प्रांतासारखा जिंकून बळकावता येत नाही, त्याच्यावरच्या वाटा राखता किंवा तोडता येतात. आणि आरमार हे राज्याच्या एकूण धोरणाचं एक अंग असतं, एवढा त्याचा गाभा. आज हे सहज पटतं. तेव्हाच्या अनेक अधिकाऱ्यांना ते टोचलं, कारण शत्रूचं आरमार शोधा आणि बुडवा हाच त्यांचा मंत्र होता.

1916 च्या जटलंडच्या लढाईत ब्रिटिशांची जहाजं आणि माणसं जर्मनांपेक्षा जास्त गेली, पण समुद्रावरच्या वाटा ब्रिटिशांकडेच राहिल्या. ही हार की जीत, चूक कुणाची, ताफ्याचा सेनापती जेलिकोची की त्याच्या हाताखालच्या बीटीची, यावर आरमारात दोन तट पडले. 1919 मध्ये बीटी आरमाराचा प्रमुख झाला. कॉर्बेटच्या तिसऱ्या खंडाचा शेवट नेमका याच लढाईने होत होता आणि त्यात जेलिकोची सावध चाल समजून घेतलेली होती. निवेदन का छापलं गेलं असेल ते यावरून कळतं.

कॉर्बेट सगळीकडे बरोबर होता असं मात्र मुळीच नाही. व्यापारी जहाजांना एकत्र करून लढाऊ जहाजांच्या संरक्षणात नेण्याची जुनी पद्धत आधुनिक काळात फारशी लागणार नाही, असा त्याचा 1911 चा कल होता. 1917 मध्ये जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची रसद तोडत आणली आणि तीच जुनी पद्धत पुन्हा आणावी लागली. म्हणजे त्या काळातला सर्वांत जाणता अभ्यासकही आपल्या विषयाच्या मध्यावर चुकला. ही चूक मला त्याच्या यशाइतकीच महत्त्वाची वाटते. एकच अभ्यासक असला की त्याची चूक पकडणारं कुणी नसतं.

मराठी वाचकापुढे ही ब्रिटिश हकीकत मांडायचं कारण आपल्या किनाऱ्यावर आहे. पश्चिम नौदलाचं मुख्यालय मुंबईत आहे. माझगाव गोदीत युद्धनौका आणि पाणबुड्या बांधल्या जातात. न्हावा-शेवा देशातल्या सर्वांत गजबजलेल्या कंटेनर बंदरांपैकी एक. मुंबई हायचं तेल याच समुद्रातून येतं, आणि पालघरमध्ये वाढवणला न्हावा-शेवाहूनही प्रचंड बंदराचं भूमिपूजन 2024 च्या ऑगस्टमध्ये झालं. राज्याचा किनारा आपण इतकी वर्षं 720 किलोमीटर म्हणत आलो. नव्या, बारीक मोजणीत तो सुमारे 878 किलोमीटर भरला. अशा राज्यात समुद्राचा इतिहास आणि समुद्राची सुरक्षा या दोन्ही गोष्टी एकत्र वाचणाऱ्या अभ्यासकाला आयुष्यभराचं काम मिळेल अशी जागा सहजी सापडत नाही. इतिहास विभागात गेलात तर संरक्षणाचं काय करायचं ते तुमचं तुम्ही पाहा. संरक्षणशास्त्राच्या विभागात गेलात तर मोडी, पोर्तुगीज, गलबतं, कोळीवाडे हे सगळं छंद म्हणून. माझं म्हणणं असं की ही जागा विद्यापीठात, सरकारी खर्चाने आणि नौदलापासून स्वतंत्र अशी तयार झाली पाहिजे, आणि ती तयार करण्याची पहिली जबाबदारी महाराष्ट्राची आहे.

आजवर आपल्याकडे हे काम झालं ते कसं झालं ते पाहा.

के. एम. पणिक्कर केरळचे. ऑक्सफर्डला शिकले, पत्रकारिता केली, संस्थानांत कारभारी झाले, पुढे चीन, इजिप्त आणि फ्रान्समध्ये भारताचे राजदूत. 1929 मध्ये त्यांनी मलबार आणि पोर्तुगीजांवर लिहिलं, आणि 1945 मध्ये, बिकानेरसारख्या वाळवंटातल्या संस्थानाचं दिवाणपद सांभाळत असताना, हिंदी महासागरावरचा तो छोटा, प्रभावी ग्रंथ. सोळाव्या शतकाच्या आरंभी समुद्र हातचा गेला आणि भारताच्या पारतंत्र्याचं बी तिथे पडलं, असं त्यांचं प्रतिपादन. म्हणून स्वतंत्र भारताने भोवतालच्या बेटांवर आणि सामुद्रधुन्यांवर तळांचं पोलादी कडं उभारावं, असंही त्यांनी सुचवलं. दिल्लीच्या सागरी विचारावर या ग्रंथाची छाप अजून आहे. एका माणसाने कारभारातून वेळ काढून लिहिलेल्या पुस्तकावर एका देशाने पाऊण शतक विचार करावा, हे त्या माणसाला भूषणावह आहे, आपल्या विद्यापीठांना नाही.

पुढे व्यापाराच्या अभ्यासकांनी या मांडणीला चांगलाच छेद दिला. मायकेल पिअर्सनने गुजरातच्या व्यापाऱ्यांचा अभ्यास करून दाखवलं की ते पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेत, पैसे भरत आणि आपला व्यापार चालू ठेवत. अशीन दासगुप्तांनी सुरतेच्या कागदांवरून सांगितलं की तिथल्या व्यापाऱ्यांची खरी घसरण अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात झाली आणि तिचं मूळ मुघल, इराणची सफवी आणि तुर्कांची उस्मानी या सत्तांच्या पडझडीत होतं. मागचा मुलूख अस्थिर झाला, वाटा बंद झाल्या, पत संपली आणि मग गलबतं बंदरात पडून राहिली.

हा वाद पंडितांपुरता राहत नाही. पणिक्कर बरोबर असतील तर पैसा आधी तळांवर आणि युद्धनौकांवर घालायला हवा. दासगुप्तांचं म्हणणं जमेस धरलं तर बंदरामागचे रस्ते, व्यापाऱ्याची पत, कायद्याची हमी याही सुरक्षेच्या बाबी ठरतात. माझा कल दासगुप्तांकडे आहे, पण दोघांचीही पुस्तकं समोर ठेवून अंदाजपत्रकाकडे पाहणारा माणूस कुठे आहे? व्यापाराचे इतिहासकार युद्धनौकांवर बोलायला कचरतात, आणि युद्धनौकांवर बोलणारे सुरतेच्या सावकाराला ओळखत नाहीत.

आपल्या भाषेच्या प्रदेशात पाहिलं तर पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दफ्तरखान्यात उभं आयुष्य घातलं. पोर्तुगीज राजवटीत, पोर्तुगीजांच्याच कागदांतून, त्यांनी मराठ्यांच्या आणि पोर्तुगीजांच्या संबंधांचा असा उलगडा केला की आज त्यांना ओलांडून कुणालाच पुढे जाता येत नाही. बी. के. आपट्यांचा मराठ्यांच्या आरमाराचा आणि व्यापारी जहाजांचा इतिहास राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1973 मध्ये छापला. त्यानंतर अर्धशतक उलटलं. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींनी 1978 मध्ये मुंबईत सागरी इतिहासाची संस्था स्थापन केली. 1971 च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला, पुढे पश्चिम नौदलाचा प्रमुख झालेला हा अधिकारी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहिला आणि तिथूनही शिडाच्या नौकेने एकट्या भारतीयाने पृथ्वीप्रदक्षिणा करावी यासाठी नौदलाच्या मागे लागत राहिला. 2009-10 मध्ये ती झाली. ही माणसं मोठी होती. पण त्यांतला एक दफ्तरदार, एक सेनानी, आणि पणिक्कर तर मुत्सद्दी. या विषयाचा अभ्यास हाच ज्याचा पूर्णवेळ व्यवसाय आहे असा माणूस घडवण्याची व्यवस्था आपण केली नाही. जे मिळालं ते व्यक्तींच्या ध्यासामुळे मिळालं.

इतिहासाने सुरक्षेला नेमकं काय मिळतं, असा प्रश्न अधिकारी विचारतात, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर मी खांदेरीवरून देईन.

1679 च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी मुंबई बंदराच्या तोंडावरच्या या बेटावर माणसं उतरवली आणि मायनाक भंडाऱ्याच्या देखरेखीखाली तटबंदी सुरू केली. इंग्रजांना ती सहन होणं शक्यच नव्हतं. मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर तिथून नजर राहणार होती. त्यांनी बेटाला वेढा घातला. सप्टेंबरमध्ये त्यांचा एक लेफ्टनंट बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात मारला गेला. 18 ऑक्टोबरला मराठ्यांच्या लहान गलबतांचा मोठा ताफा नागावच्या बाजूने चालून आला. त्या दिवशी मराठ्यांनी इंग्रजांची डव्ह नावाची गुराब, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, धरली. पण इंग्रज कप्तान केग्विनच्या रिव्हेंज जहाजाने तोफांच्या बळावर ताफा परतवून लावला. लढाई म्हणून पाहिली तर जीत इंग्रजांची.

पण बेट मराठ्यांकडे राहिलं. इंग्रजांची जड जहाजं वाऱ्यावर अवलंबून होती आणि उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडात शिरू शकत नव्हती. मराठ्यांच्या होड्या वल्ह्यांवर चालत, रात्री वारा पडला की निघत, आणि दाणागोटा, चुना, दगड बेटावर टाकून उजाडायच्या आत परत येत. इंग्रजांच्या पत्रांत या हतबलतेची वर्णनं पुन्हापुन्हा येतात. शिवाय वेढ्याचा खर्च सुरतेच्या वरिष्ठांना परवडेना. अखेर 1680 च्या आरंभी त्यांनी तडजोड केली. दरम्यान सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं आणि पुढची अनेक दशकं ही दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून राहिली.

यात आजच्या किनारी सुरक्षेला शिकण्यासारखं बरंच आहे, आणि ते मराठ्यांच्या शौर्याच्या गौरवापेक्षा वेगळं आहे. किनाऱ्यालगतच्या पाण्यात मोठ्या नौकेची ताकद लंगडी पडते. रात्र, भरती-ओहोटी, खडक आणि खाडी यांचं ज्ञान हे तिथे हत्यारच असतं, आणि ते भंडारी, कोळी, गाबीत, दालदी अशा समाजांकडे असतं. लांबलेल्या पहाऱ्याचा खर्च हीसुद्धा युद्धाचा निकाल लावणारी गोष्ट असते. कॉर्बेटला हा प्रसंग शिकवायला मिळाला असता तर त्याने एक अख्खं प्रकरण लिहिलं असतं, अशी माझी खात्री आहे.

आता 1993 पाहा. जानेवारी-फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी इथे शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं आणि मार्चमध्ये मुंबई हादरली. खटल्यात कस्टम आणि पोलिसांतले काही अधिकारीही दोषी ठरले. त्यानंतर 2008. पोरबंदरची कुबेर ही मासेमारी नौका पळवून दहा जण मुंबईजवळ आले आणि रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीपाशी उतरले. वसाहतीतल्या लोकांनी त्यांना पाहिलं, हटकलंही. म्हणजे किनाऱ्याचा डोळा उघडा होता. त्या डोळ्याने पाहिलेलं ज्याच्यापर्यंत वेळेत पोहोचायला हवं होतं, तिथवरची वाट तुटलेली होती.

हल्ल्यानंतर 2009 मध्ये एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलाकडे गेली, तटरक्षक दलाचं आणि सागरी पोलिसांचं काम वाटून दिलं गेलं, मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं आली, नौकांना राज्यवार रंग आले, मोठ्या नौकांवर ठावठिकाणा सांगणारी यंत्रं बसली. हे सगळं लागणारच होतं. पण या व्यवस्थेत मच्छीमार मुख्यतः तपासायची वस्तू म्हणून येतो. पहारेकरी म्हणून त्याला कधी, कुणी, कशाच्या बदल्यात वापरलं, त्याने कधी खबर दिली आणि कधी मुद्दाम दिली नाही, याचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास या किनाऱ्यावर आहे, आणि तो सलग लिहिला गेलेला नाही. त्या इतिहासाशिवाय किनारी सुरक्षेची योजना आखणं म्हणजे गावात राहणाऱ्याला न विचारता गावाचा नकाशा काढणं आहे. वाढवणला बंदराला विरोध करणारे मच्छीमार आणि उद्या त्याच बंदराच्या सुरक्षेसाठी ज्यांच्या डोळ्यांवर विसंबायचं ते मच्छीमार एकच आहेत, ही साधी गोष्ट त्या प्रकल्पाच्या चर्चेत किती वेळा बोलली जाते?

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं 'आरमार म्हणजे स्वतंत्र एक राज्यांगच आहे' हे वाक्य आपण भाषणांत वारंवार ऐकतो. त्याच प्रकरणातली दुसरी आज्ञा कुणी म्हणत नाही. आरमाराचा खर्च मुलखातून नेमून द्यावा, बंदरांच्या पैदाशीवर तो टाकू नये. टाकला तर सावकारांना उपद्रव होतो आणि सावकारी बुडते, असं अमात्य बजावतात. राखणदाराचं पोट ज्याला राखायचं त्याच्या खिशावर सोडू नका, हे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं प्रशासकीय शहाणपण आहे. ते दिघी-शेखाडीच्या निकालपत्राशेजारी ठेवून वाचणारा अभ्यासक मला हवा आहे. मोडी आणि खटल्याचे कागद, दोन्ही ज्याला वाचता येतात असा.

असा अभ्यासक आपले लाडके समजही तपासेल. पेशव्यांनी आपलंच आरमार बुडवलं, हे वाक्य शाळेपासून आपल्या तोंडात आहे. 1755 मध्ये सुवर्णदुर्ग आणि 1756 च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग, दोन्ही वेळा नानासाहेबांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गच्या बंदरात आंग्र्यांचा ताफा जळाला, हे खरंच आहे. माझ्या मते ती मराठी राज्याची सर्वांत महाग पडलेली चूक होती. परंतु त्यानंतर पेशव्यांनी विजयदुर्गला आनंदराव धुळपांच्या हाताखाली आरमार ठेवलं आणि 1783 मध्ये त्याने इंग्रजांचं रेंजर जहाज धरलं, हेही तितकंच खरं. मग उरलेल्या आरमाराला पैसा किती मिळत होता, लाकूड कुठून येत होतं, तोफा ओतणारे कोण होते, आणि इतकं असून ते किनारा का सोडू शकलं नाही? दोष कुणाला द्यायचा हे ठरवण्यापेक्षा हे प्रश्न अवघड आहेत. आज युद्धनौकेचं इंजिन कुठून आणायचं, सुटे भाग कोण देणार, हा प्रश्न सोडवणाऱ्याला त्यांची उत्तरं ऐकायला आवडतील.

आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. सुरक्षा ही गुप्ततेची बाब, बाहेरच्या प्राध्यापकाला काय दाखवणार? पण अभ्यासकाला उद्याच्या हालचाली नको आहेत, कालचे कागद हवे आहेत. आपल्याकडे कालचे कागदही बाहेर येत नाहीत. संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने लिहिलेला 1971 च्या युद्धाचा इतिहास वर्षानुवर्षं पडून राहिला आणि 2000 साली एका इंग्रजी दैनिकाने तो उघड केला. त्या युद्धात 9 डिसेंबरला दीवजवळ खुक्री ही आपली युद्धनौका बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. सोनारच्या, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या, चाचणीसाठी जहाजाचा वेग कमी ठेवला होता का, यावर पुढे किती वर्षं वाद चालला! स्वतंत्र अभ्यासकाला सगळे कागद वेळेवर मिळाले असते तर त्या कुटुंबांना अफवांपेक्षा बरं काही हाती लागलं असतं, आणि पुढच्या अधिकाऱ्यांनाही. 2021 च्या जूनमध्ये मंत्रालयाने धोरण जाहीर केलं की युद्धांचे आणि मोहिमांचे इतिहास ठरावीक मुदतीत संकलित व्हावेत आणि कागद साधारणपणे 25 वर्षांनी खुले व्हावेत. धोरण चांगलं आहे. मात्र खुले झालेले कागद वाचायला शिकलेली माणसं नसतील तर ते पेटाऱ्यातून कपाटात गेले, एवढाच फरक पडेल.

दुसरा आक्षेप असा की दिल्लीत सागरी विषयांना वाहिलेल्या संस्था आहेतच. 2005 पासून चाललेल्या नॅशनल मॅरिटाइम फाउंडेशनचं काम मी आदराने वाचतो. पण नौदलाच्या पाठबळावर चालणाऱ्या आणि निवृत्त अधिकाऱ्यांच्या अनुभवावर उभ्या असलेल्या संस्थेकडून नौदलाच्याच गृहीतकांवर घाव घालण्याची अपेक्षा करणं त्या संस्थेवर अन्याय आहे. तिचं काम वेगळं. शिवाय तिथे मोडी कोण वाचणार, आणि हर्णैच्या मासळीच्या लिलावाला जाऊन तांडेलाशी, म्हणजे होडीच्या प्रमुखाशी, तासभर कोण बोलणार? ते काम इथल्याच विद्यापीठाचं आहे.

खर्चाचा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो. समुद्राच्या इतिहासावर महाराष्ट्र पैसा खर्च करत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. 2023 च्या नौदल दिनी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर महाराजांचा पुतळा उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. 2025 मध्ये तिथे नवा, त्याहून उंच पुतळा आला. पहिला पुतळा कोसळला त्या दिवशी टीव्हीवर त्याचे अवशेष पाहताना प्रत्येक मराठी माणसाला झालेलं दुःख मलाही झालं. महाराजांचं स्मरण व्हायलाच हवं. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत, ही अभिमानाचीच गोष्ट. पण सिंधुदुर्गासमोर उभं राहून ज्या राजाने 1664 मध्ये समुद्रात पाया घातला त्याचं आरमार प्रत्यक्ष चालत कसं होतं, हे सांगणारं संशोधन पन्नास वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथावर थांबलेलं असावं, हे त्या राजाला साजेसं नाही.

आणि मागणी तरी केवढी आहे! मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र रत्नागिरीत आहे. पुण्याच्या विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे. या दोन ठिकाणांना जोडणारी, इतिहास आणि संरक्षण यांची सामाईक अशी चार पदं निर्माण करा. अट अशी ठेवा की प्रत्येकाला मोडीबरोबर आणखी एक भाषा यावी, कुणाला पोर्तुगीज, कुणाला फारसी, कुणाला डच. चौघांची मतं एकमेकांशी जुळू नयेत याची निवड समितीने जमेल तेवढी काळजी घ्यावी; पणिक्करांच्या बाजूचा एक असेल तर दासगुप्तांच्या बाजूचा एक हवा. दर वर्षी काही महिने किनाऱ्यावर घालवणं सक्तीचं करा, वेंगुर्ल्यापासून सातपाटीपर्यंत, मासेमारी संस्थांच्या दफ्तरांत आणि सागरी पोलीस ठाण्यांच्या जुन्या नोंदवह्यांत. नौदलाच्या आणि तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्यांना या विभागात शिकायला पाठवा आणि या चौघांना त्यांच्या प्रबोधिनींत शिकवायला.

पगार राज्याच्या तिजोरीतून व्हावा. एखाद्या बंदर कंपनीने अध्यासन देऊ केलं तर त्याच्या अटी आधी जाहीर कराव्यात, कारण उद्या याच अभ्यासकाला त्या बंदराने मच्छीमारांचं काय केलं ते लिहायचं आहे. नेमणुकीच्या पत्रात एक कलम स्पष्ट असावं की प्रकाशनाआधी नौदल, गृहखातं किंवा बंदर प्राधिकरण यांची संमती घ्यावी लागणार नाही. गुप्ततेच्या कायद्याचं बंधन सर्वांना आहे तेवढंच त्यालाही राहील. ज्यांना त्याचं म्हणणं मान्य नसेल त्यांनी आपला आक्षेप सह्यांनिशी छापावा, आणि तो उत्तर देऊ शकेल अशा वेळी छापावा.

पहिलं काम काय द्यावं हेही मी सुचवतो. खांदेरी-उंदेरीचे मोडी, इंग्रजी, पोर्तुगीज आणि फारसी कागद एकत्र करून, त्यांना 1993 आणि 2008 च्या खटल्यांतल्या किनाऱ्यावरच्या साक्षी जोडून, मुंबईच्या तोंडावरच्या पाण्यावर गेली साडेतीनशे वर्षं नजर कुणी आणि कशी ठेवली, याचा एक सलग इतिहास लिहवून घ्यावा. चौघांना मिळून पाच वर्षं लागतील. वाढवणच्या बांधकामालाही अजून बरीच वर्षं लागणार आहेत. त्यामुळे या पदांची जाहिरात याच शैक्षणिक वर्षात निघायला हवी.